वाळवीच्या शेतातल्या दोन छत्र्या

सोनगीरच्या तांबटांची ठोकठोक कधी ऐकली आहे का? ठोक्यामागून ठोका, आणि सपाट पत्र्याचा हंडा होतो! त्याच गावाबाहेर एखाद्या बांधावर वारूळ दिसलं, तर जरा थांबा. त्याच्या पोटातही कारखाना चालू असतो, पण आवाज अजिबात नाही आणि कारागीर चक्क आंधळे. नागपंचमीला आपण नागोबाचं घर म्हणून पूजतो, ते बांधलेलं असतं वाळवीनं.

वारूळ बांधणारी ही वाळवी लाकूड, पाचोळा खाते खरी, पण तिला ते नीट पचत नाही. मग ती शेती करते! आपल्याच शीच्या बारीक गोळ्या रचून स्पंजासारखे वाफे तयार करते आणि त्यांवर बुरशी वाढवते. बुरशी लाकूड मऊ करते, मग वाळवीची पंगत बसते. ही शेती सुमारे ३ कोटी वर्षं चालली आहे.

पावसाळ्यात याच बुरशीला छत्र्या फुटतात. त्यांतल्या दोन बहिणी मला फार आवडतात.

पहिली टर्मिटोमायसिस हायमी. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांच्यावरून पडलं. ही जन्मते खाली, अंधाऱ्या वाफ्यावर. तिथून लांब मुळासारखा दांडा वर वर ढकलत जाते. टोपीच्या मधोमध उंचवटा असतो, त्यानं माती फोडते. बाहेर आली की पांढरी टोपी ताटलीसारखी पसरते. दांडा अलगद मोकळा केलात, तर तो खाली खोल जातच राहतो!

दुसरी टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. नखाएवढी टोपी आणि मूळ नाहीच. मग ही वर येते कशी? ती येतच नाही, तिला आणलं जातं! वाळवीच जुन्या वाफ्यांचा चुरा उचलून बाहेर जमिनीवर पसरते. काही दिवसांत त्यावर शेकडो इवल्या छत्र्या उगवतात, जणू कुणी लाह्या सांडल्यात. एकीला स्वतः माती फोडावी लागते, दुसरीला आयती पाठवणी मिळते. एकाच घराण्यात!

दोन्ही खाण्याजोग्या आहेत, पण तुम्ही फक्त बघायचं. पांढरी दिसणारी विषारी भूछत्रंही असतात आणि फोटोवरून ती ओळखता येत नाहीत.

या घराण्यातली थोरली बहीण आफ्रिकेत, झांबियात राहते. तिची टोपी मीटरभर रुंद होऊ शकते. घरातली सगळ्यात मोठी परात काढा आणि मोजून बघा.