बुरसलेला कडबा आणि आपली छाती

अवकाळी पावसात गंजी भिजली की आपण वैरणीसाठी हळहळतो. पण पुढे तोच बुरा आलेला कडबा ओढताना जो पांढरट धुरळा उडतो, तो कोणाच्या छातीत जातो? माझ्या नोकरीत मी अशा कितीतरी गंजी उचकटायला लावल्या. धुरळ्याला जपा, असे एकदाही सांगितले नाही.

ओलसर चारा गंजीत आतून तापतो. त्या उबेत बुरशी आणि बुरशीसारखे धागे धरणारे जिवाणू माजतात. त्यांचे बीजाणू इतके बारीक, की नाकाघशात न अडता फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचतात. तेथे भक्षक पेशी राखणीला असतात. आलेली घाण गिळणे हे त्यांचे रोजचे काम. हा धुरळा वारंवार गेला, की काही माणसांत त्या इतर पांढऱ्या पेशींना हाक देतात. त्या घोळक्याने येतात, वायुकोशांच्या भिंतींत बारीक गाठी धरतात आणि भिंती सुजतात. पिकात शिरलेले डुक्कर हाकायला गावच शेतात उतरावे आणि पीक तुडवले जावे, तशातली ही गत!

यात फसगत अशी होते. कडबा सकाळी काढला, तर थंडी वाजून ताप, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते 4 ते 8 तासांनी. घरचे म्हणतात हिवताप. दोन दिवसांत बरे वाटते आणि माणूस पुन्हा गंजीवर. असे वर्षानुवर्षे चालले, की सुजेच्या जागी वण धरतो, फुप्फुस चामट होते आणि सपाटीवरही दम लागतो. तो वण मग औषधाने जात नाही.

1932 साली इंग्लंडमध्ये कॅम्पबेल या डॉक्टरांनी बुरसलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत हा आजार नोंदला. ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ हे त्याचे नाव. साखर कारखान्यावरच्या बुरसलेल्या चिपाडांनीही असेच होते.

तेव्हा कडबा खडखडीत वाळवूनच रचा, खाली दगड-लाकडांचा थर द्या. बुरसलेल्या पेंढ्या गोठ्यात झटकू नका. उघड्यावर, पाणी शिंपडून, वाऱ्याकडे पाठ करून काढा. उपरण्याने किंवा पदराने हे बीजाणू पुरते अडत नाहीत, एन-95 मुखपट्टी बांधा. आणि ताप आलाच, तर डॉक्टरांना आधी कडब्याचे सांगा. ते आपणहून विचारतीलच असे नाही.