फुकट जेवण, गिफ्ट आणि पंचवीस वर्षांचा करार : टाइमशेअर घ्यावे की आपली सुटी आपणच आखावी?

गेल्या पावसाळ्यात बोईसरच्या एका विहारात वर्षावासाचे प्रवचन संपल्यावर एक जोडपे आमच्याजवळ थांबले. नवरा तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, बायको घरी शिवणकाम करते. त्यांनी पिशवीतून गुळगुळीत कव्हरची फाईल काढली. "दादा, जरा हे बघता का? सही करून सहा दिवस झाले. आता झोप लागत नाही."

फाईलमध्ये पंचवीस वर्षांच्या हॉलिडे मेंबरशिपचा करार होता. ४० हजार रुपये क्रेडिट कार्डावरून गेले होते, उरलेल्या रकमेचे हप्ते पुढच्या महिन्यापासून सुरू होणार होते. हे घडले कसे, तर एका मॉलमध्ये मुलीने हौसेने कूपन भरले. पंधरा दिवसांनी फोन आला, "अभिनंदन, तुमचा नंबर लागला आहे. गिफ्ट घ्यायला या, जेवणही आमच्याकडेच. पण नवरा-बायको दोघांनी यायचे." हॉटेलच्या हॉलमध्ये मोठ्याने गाणी, टेबलाटेबलावर समजावून सांगणारी मुले-मुली, मध्येच कुणीतरी मेंबर झाले म्हणून टाळ्या. दोन तासांनी शेवटचे वाक्य, "ही किंमत फक्त आजच्या आज."

दोघांनी यायची अट का असते, हे नीट ध्यानात घ्या. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून उठू शकतो. दोघे समोर बसले की ती वाट बंद होते. आणि टाळ्या वाजत असताना "आम्हाला परवडत नाही" असे परक्यांसमोर म्हणणे आपल्या माणसाला फार जड जाते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चांगल्या जागी बसू दिले नाही, त्यांना एसी हॉलमध्ये कुणी "सर, मॅडम" म्हणून खुर्ची ओढून देते, तेव्हा नकार देणे म्हणजे आपली लायकी नाही असे कबूल करणे वाटते. विक्रीचे सगळे गणित इथे बसवलेले असते.

आता मूळ वस्तू समजून घेऊ. टाइमशेअर ही मुळात फसवणूक नाही. ही पद्धत १९६०च्या दशकात युरोपात सुरू झाली. स्वित्झर्लंडची हॅपीमॅग ही कंपनी १९६३ची. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ मध्ये आणि महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये या धंद्यात आल्या. कल्पना सोपी आहे. रिसॉर्टमधली खोली पूर्ण विकत घेण्याऐवजी दरवर्षी काही दिवस, बहुधा सात रात्री, ती वापरण्याचा हक्क ठरावीक वर्षांसाठी आधीच पैसे देऊन घ्यायचा. हा वापराचा हक्क आहे, मालकी नाही. मुदत संपली की हातात काही उरत नाही. विक्रेता "प्रॉपर्टी", "मुलांसाठी गुंतवणूक" असे शब्द वापरू लागला तर कराराच्या कागदात ते शब्द कुठे आहेत, एवढेच विचारा.

करारात तीन गोष्टी बघायच्या. पहिली, हंगाम. बहुतेक कंपन्या वर्षाचे भाग पाडून त्यांना रंगांची नावे देतात. दिवाळी-नाताळ-मे महिन्याचा रंग महाग, पावसाळ्याचा स्वस्त. स्वस्त रंग घेतला की मुलांच्या शाळेला सुटी असते तेव्हा खोली नाही. दुसरी, बुकिंग. हक्क आहे म्हणजे हव्या त्या तारखेला खोली आहे असे नाही. जागा असेल तर मिळते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, वार्षिक शुल्क. तुम्ही जा किंवा जाऊ नका, ते भरावेच लागते, ते वाढत जाते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो.

उदाहरणादाखल हिशोब मांडू. समजा मेंबरशिप करासहित ३,५०,००० रुपयांची, वर्षाला ७ रात्री, वार्षिक शुल्क करासहित १५,०००. हॉलमध्ये तुम्हाला साडेतीन लाख भागिले पंचवीस वर्षे भागिले सात रात्री, म्हणजे २,००० रुपये रात्र असे दाखवतील. पण तेच साडेतीन लाख ७ टक्के व्याजाने बँकेत ठेवले असते तर वर्षाला २४,५०० रुपये आले असते, आणि मुद्दल तुमचेच राहिले असते. २४,५०० अधिक १५,००० म्हणजे ३९,५००. सातने भागा. एक रात्र ५,६४० रुपयांच्या आसपास. यात रेल्वेचे तिकीट नाही, जेवण नाही. हप्त्यांवर व्याज असेल तर ते वेगळे. शुल्क दरवर्षी ६ टक्के वाढले तर बारा वर्षांत ते दुप्पट होते आणि पंचविसाव्या वर्षी ६० हजारांवर जाते. आणि एक वर्ष मुलीची दहावी, एक वर्ष आईचे आजारपण म्हणून जाता आले नाही, तर काही कंपन्या रात्री पुढे ढकलू देतात, पण शुल्क थांबत नाही.

ज्यांची नोकरी पक्की, सुट्या ठरलेल्या, दरवर्षी कुटुंबासह रिसॉर्टमध्येच राहायची आवड आणि पैसे कर्जाशिवाय भरता येतात, त्यांना हे परवडूही शकते. अणुऊर्जा केंद्रातल्या किंवा शाळेतल्या कायम नोकरदाराचा हिशोब वेगळा आणि एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराचा वेगळा. एकाला आवडले म्हणून दुसऱ्याने घेऊ नये.

कारण खरा प्रश्न रजेचा आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते तेव्हा, १९४५ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची भरपगारी रजा मिळाली. ते विधेयक त्यांनीच मांडले होते. विश्रांती ही चैन नाही, कामगाराचा हक्क आहे, हे त्यातून कायद्यात आले. आज कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा जमते. पण तारापूरच्या कितीतरी कंत्राटी पोरांना ती कागदावरच दिसते. ठेकेदार बदलला की हजेरी पुन्हा शून्यापासून. ज्याला पुढच्या दिवाळीला चार दिवस मिळतील का हे माहीत नाही, त्याने पुढच्या पंचवीस वर्षांचे सात-सात दिवस विकत घेणे म्हणजे उलटा क्रम झाला. आधी रजेच्या नोंदीची प्रत मागा. तिला पैसे पडत नाहीत.

याहून धोकादायक प्रकार महाराष्ट्राने पाहिला आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलच्या खोल्यांच्या रात्री विकल्या. खोली वापरली नाही तर मुदतीअखेर ठरलेली वाढीव रक्कम परत, असे आश्वासन होते. म्हणजे नावाला सुटी, प्रत्यक्षात ठेव. सेबीने ही परवानगी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात ५१ लाखांहून अधिक गुंतवणूकदारांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करायला सांगितले. त्यानंतर जप्ती, लिलाव, खटले झाले आणि लोक वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. रॉयल ट्विंकल स्टार क्लबच्या हॉलिडे योजनांवरही सेबीने २०१५ मध्ये असाच आदेश दिला.

अशा योजना जाहिरातीने कमी आणि ओळखीने जास्त पसरतात. एजंट म्हणजे मेहुणा, शेजारी, बचत गटातली ताई. त्यांनी स्वतःचेही पैसे घातलेले असतात, म्हणून ते मनापासून बोलतात. कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की विहारातल्या सभेनंतर कुणी "जय भीम" करून योजनेचे पत्रक वाटू लागला, तर भिडेपोटी गप्प बसू नका. "सुटी न घेतल्यास पैसे वाढवून परत" असे वाक्य ऐकू आले की सेबीची नोंदणी विचारा.

मग जायचे कुठे? खरे तर मुंबईची माणसे पैसे देऊन आपल्याकडे येतात. केळवे, बोर्डी इथे स्थानिक कुटुंबे घरगुती निवास आणि जेवण देतात. जव्हारला एसटीने जाऊन दाभोसा धबधबा बघून येता येते. नालासोपाऱ्याचा स्तूप आपल्याच जिल्ह्यात आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये त्याचे उत्खनन केले. आमच्या ओळखीची निम्मी मुले लोकलने तिथून रोज जातात, पण उतरलेली नाहीत. कान्हेरीसाठी बोरिवलीला उतरायचे. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असते.

लांब जायचे तर वेरूळ-अजिंठा. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी बंद; हे न बघता निघालेले गट आम्ही परत येताना पाहिले आहेत. अजिंठ्याजवळ फर्दापूरला एमटीडीसीचे निवास आहे. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. साध्या तिकिटावर महिलांना निम्मी सवलत आहे, त्यामुळे पास घेण्याआधी दोन्ही हिशोब करून बघा. तरुण मुला-मुलींनी युथ हॉस्टेल्स असोसिएशनचे सभासदत्व घ्यावे. डॉर्मिटरीत राहायची तयारी हवी.

वरच्या हिशोबातले ३९,५०० रुपये घ्या. रात्रीला २,५०० ची खोली धरली तरी सात रात्रींचे १७,५०० होतात; २२,००० प्रवासाला आणि जेवणाला उरतात. आणि सात रात्री सलग जातो कोण? तीन रात्रींची सहल असेल तर बँकेत महिना दोन हजारांचे आवर्ती खाते पुरते. काही महिला मंडळे दहा-बारा घरांची वर्गणी काढून गाडी ठरवतात. जमाखर्च कागदावर लिहून सगळ्यांना दाखवला की ही पद्धत उत्तम चालते. दाखवला नाही की पुढच्या वर्षी गाडी निघत नाही.

सही होऊन गेली असेल तर घाबरू नका, पण दिवस घालवू नका. युरोपीय संघात टाइमशेअरच्या ग्राहकाला कारण न देता करार मोडायला १४ दिवस मिळतात. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, पण काही कंपन्या स्वतःच करारात रद्द करण्याची मुदत देतात. त्या मुदतीत ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही करा, पावती जपा. फोनवरच्या "बघतो सर" वर विसंबू नका. हप्ते एकदम बंद करू नका. कर्ज बहुधा बँकेचे असते आणि सिबिल तुमचे बिघडते. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल करण्याचे शुल्क नाही आणि वकील लावणे सक्तीचे नाही.

त्या जोडप्याच्या करारात शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात दहा दिवसांची मुदत सापडली. हॉलमध्ये त्याबद्दल कुणी बोलले नव्हते. सातव्या दिवशी पत्र गेले. पैसे परत यायला अडीच महिने आणि चार स्मरणपत्रे लागली. तुमच्याकडेही अशी फाईल असेल तर दाखवायला आणताना फक्त पावती आणू नका, कराराची सगळी पाने आणा.