जाम झालेलें डिझेल इंजिन : त्याचें निदान व दुरुस्ती

जालना जिल्ह्यांतील बागाईत मुख्यतः विहिरीच्या पाण्यावर उभी आहे. दक्षिणेस गोदावरीच्या बाजूला अंबड व घनसावंगी या तालुक्यांना जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा आधार आहे. परंतु भोकरदन, जाफ्राबाद, बदनापूर या भागांत काळ्या दगडांत खणलेली विहीर हाच शेतकऱ्याचा खरा भरंवसा. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला आणि २०१२-१३ सालीं ज्यांच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्यांस पाणी वेळेवर झाडाच्या बुडाशीं पोचणें म्हणजे काय हें आम्हीं सांगावयास नको. पूर्वीं हें काम मोटेवर बैल करीत; मग तेलाचें इंजिन आलें; पुढें वीज आली. आज बहुतेक विहिरींवर विजेची मोटार आहे, कांहीं ठिकाणीं सूर्यशक्तीवर चालणारे पंपही बसले आहेत, आणि जुनें डिझेल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यांत पोत्याखालीं पडून असतें. त्याची आठवण होते ती रोहित्र जळाल्यावर. मग हँडल लावून पाहावें, तों चाक जागचें हलत नाहीं.

असाच प्रसंग अंबड तालुक्यांतील आमच्या एका सभासदाच्या मळ्यांत आला. वैशाखाचे दिवस, मोसंबीवर आंबे बहाराचीं फळें, रोहित्र जळालेलें, आणि नवें केव्हां येईल याचा नेम नाहीं. दोन पावसाळे बाहेर उभें असलेलें इंजिन जाम निघालें. जमलेल्या मंडळींत आम्हीही होतों. चाकाला दोर गुंडाळून तो ट्रॅक्टरला बांधावा ही सूचना, सांगावयास संकोच वाटतो तरी सांगतों, आमचीच होती. ट्रॅक्टरनें हिसका दिला, चाक पाव फेरा फिरलें, आणि आंतून जो आवाज आला तो आम्ही विसरलों नाहीं. कनेक्टिंग रॉड वांकला होता. इंजिन उघडलें तेव्हां दिसलें कीं, मूळ दोष अगदीं किरकोळ होता : धुराड्याच्या उघड्या नळींतून पावसाचें पाणी सिलिंडरांत उतरलें होतें व पिस्टनच्या कड्या गंजानें चिकटल्या होत्या. दोन दिवस तेल मुरूं दिलें असतें तर तें सुटलें असतें. नवा रॉड येऊन बसेपर्यंत आठवडा गेला. तोंवर टँकरचें विकत पाणी घालूनही बरीच फळें गळालीं. त्या चुकीची भरपाई म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहों.

इंजिनाची रचना

रोग ओळखावयाचा तर शरीर माहीत पाहिजे. जर्मनींतील रुडॉल्फ डिझेल यांस या यंत्राचें पेटंट १८९३ सालीं मिळालें व १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्यांचें इंजिन यशस्वी रीतीनें चाललें. आपल्याकडे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यामुळें लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या घरीं पोचला. त्याच घराण्यानें १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें तेलाच्या इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. या यंत्राला ठिणगी लागत नाहीं. पिस्टन वर येतांना आंतील हवा मूळ जागेच्या सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्शांत दाबली जाते. त्या दाबानें ती ५०० अंशांहून अधिक तापते, आणि नॉझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. कोंकण किनाऱ्यावरील मच्छीमार नौका याच जातीच्या इंजिनांवर चालतात. तेथें यंत्र भर समुद्रांत बंद पडलें तर जिवावर बेततें. येथें बागेवर बेततें, एवढाच फरक.

एवढा दाब धरून ठेवावयाचा तर पिस्टन सिलिंडरांत अगदीं नेमका बसला पाहिजे. दोहोंमधील फट साधारण केसाच्या जाडीची असते आणि त्या फटींत तेलाचा पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा आहे तोंपर्यंत लोखंडाला लोखंड लागत नाहीं. तो नाहींसा झाला, कीं दोन्ही धातु एकमेकांस धरतात. यासच इंजिन जाम होणें किंवा ‘सीझ’ होणें म्हणतात.

कारणें

हें चार प्रकारांनीं घडतें. पहिला, वंगण कमी पडणें, जुनें होणें, किंवा तेलाची जाळी गाळानें बुजणें. दुसरा, थंड करणारें पाणी बंद होणें. पाणी थांबतांच पिस्टन फुगतो. तो ॲल्युमिनियमचा असल्यास ओतीव लोखंडाच्या सुमारें दुप्पट फुगतो आणि केसाएवढी फट भरून जाते. तिसरा, सिलिंडरांत पाणी शिरणें, मग तें धुराड्यावाटे पावसाचें असो किंवा हेडच्या फुटक्या गॅस्केटमधून आलेलें असो. चौथा, एखादा भाग तुटून मध्यें अडकणें. जसें, व्हॉल्वचें डोकें पिस्टनवर पडणें.

निदान

पहिला नियम असा कीं, जोर करूं नये. पहिला प्रश्न असा विचारावा : इंजिन चालतांना थांबलें, कीं उभें असतांना जाम झालें? चालतां चालतां आवाज जड होऊन, धूर वाढून, जळका वास येऊन थांबलें असेल तर दोष वंगणाचा अथवा पाण्याचा. महिनोन् महिने उभें राहून जाम झालें असेल तर बहुधा गंज. या एका उत्तरानें अर्धें निदान होतें.

तापून थांबलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतूं नये. हेडला तडा जातो. बाजूचें झाकणही लगेच उघडूं नये, कारण आंत तेलाची गरम वाफ असते व हवा मिळतांच ती भडकूं शकते. यंत्र पूर्ण थंड होऊं द्यावें. थंड झाल्यावर चाक फिरूं लागलें तरी ‘सुटलें’ म्हणून पुन्हा चालू करूं नये. पिस्टनवर ओरखडे पडलेले असतात आणि पुढच्या वेळीं नुकसान अधिक होतें.

नंतर पट्टा उतरवून अथवा जोड सोडून पंप इंजिनापासून वेगळा करावा आणि दोन्ही निरनिराळे फिरवून पाहावे. कित्येकदां इंजिन निर्दोष असतें व पंपाचा पंखाच गाळानें किंवा गंजानें धरलेला असतो. या एका तपासणीनें इंजिन उघडण्याचा सगळा खर्च वांचतो.

पंप मोकळा असेल तर दाब सोडण्याची कळ उचलून, नॉझल काढून, हँडल हातानेंच सावकाश फिरवावें. त्या वेळीं नॉझलच्या भोंकासमोर तोंड धरूं नये. भोंकांतून पाण्याची चिळकांडी उडाली तर सिलिंडरांत पाणी होतें. पाणी दाबलें जात नाहीं, म्हणून पिस्टन वर येऊन थांबत होता. चाक मागें-पुढें फिरून दर वेळीं एकाच जागीं ठक्क आवाज करून थांबत असेल तर आंत कांहीं तुटून पडलें आहे असें समजावें. मुळींच हलत नसेल तर पिस्टन तरी धरला आहे किंवा बेअरिंग तरी.

आतां तेलाचा बूच काढून तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यांत धरावें. पाणी तेलापेक्षां जड असल्यानें तळाशीं बसतें, म्हणून आधीं पाणीच येईल. तेल ताकासारखें पांढुरकें असेल तर पाणी मिसळलें आहे. त्यांत चमकणारी धातूची कणी असेल तर बेअरिंग अथवा पिस्टन घासला आहे. तें पातळ असून डिझेलचा वास येत असेल तर नॉझल गळत आहे व त्यानें वंगण धुवून नेलें आहे. तेल हें इंजिनाची नाडी होय.

पिस्टन कीं बेअरिंग, हें ठरविण्यासाठीं बाजूचें झाकण उघडून कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोपीचे बोल्ट सोडावे. सोडण्यापूर्वीं टोपी व रॉड यांवर जुळती खूण करावी. टोपी निघाल्यावर चाक मोकळें फिरलें तर क्रँकच्या दोन्ही टोकांचीं बेअरिंगें ठीक आहेत. दोष पिस्टनचा किंवा त्या टोपींतील बेअरिंगचा. टोपींतील धातु काळवंडून सोललेला दिसल्यास दुसरा, नाहींतर पहिला.

दुरुस्ती

हेड काढल्यावर सिलिंडरांतील पाणी टिपून घ्यावें. पिस्टनच्या वर गंजाचें कडें दिसेल. वंगणांत बुडविलेल्या बारीक पॉलिशपेपरनें तें आधीं घासून काढावें, कारण पिस्टनला त्याच वाटेनें बाहेर यावयाचें आहे. मग डिझेल व पातळ वंगण समभाग मिसळून पिस्टनवर ओतावें व दोन-तीन दिवस मुरूं द्यावें. पातळी खालीं गेली तर आनंद मानावा; तेल कड्यांत उतरत आहे. जवळ विडी-काडी पेटवूं नये आणि घाईनें बर्नर लावून तापवूं तर मुळींच नये.

नंतर बाभळीचा जाड ठोकळा पिस्टनवर सपाट ठेवून लांकडी मोगरीनें हलके ठोके द्यावे व दुसऱ्या गड्यानें चाक दोन्ही दिशांना हळूहळू झुलवावें. रॉड जोडलेला असून पिस्टन अगदीं वरच्या किंवा खालच्या टोकाला असेल तर ठोकून चाक फिरणार नाहीं. तेथें चाकाकडूनच झुलवावें लागतें. केसभर हालचाल झाली, कीं पुन्हा तेल घालावें. एका दिवसांत सुटलें नाहीं म्हणून घणाला हात घालूं नये.

पिस्टन सुटल्यावर रॉडची टोपी काढून तो वरच्या बाजूनें बाहेर घ्यावा. काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमानें निघाला त्याच क्रमानें कापडावर मांडावा. सिलिंडरच्या आंतून नख फिरवावें. ओरखड्यांत नख अडकलें तर लायनर बदलावा किंवा लेथवर कापून घ्यावा. नखाला न लागणारे डाग चालतात. पिस्टनच्या खांचा तुटक्या कडीच्या टोकानें साफ कराव्या. नवी कडी आधीं नुसत्या सिलिंडरांत सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधील फट मोजावी. सामान्य ठोकताळा व्यासाच्या दर इंचास तीन-चार हजारांश इंच असा आहे. ८० मिलिमीटरच्या सिलिंडरांत ती पाव ते तृतीयांश मिलिमीटर येते. यंत्राच्या पुस्तकांत दिलेला आंकडा निराळा असल्यास तोच प्रमाण मानावा. फट कमी ठेवली तर तापल्यावर टोंकें भिडून इंजिन पुन्हा धरेल.

तेलाची जाळी, तेलपंप व क्रँकमधील भोंकें धुवून मोकळीं केल्यावांचून जोडणी करूं नये. ज्या कारणानें इंजिन जाम झालें तें कारण आंत ठेवून नवे भाग घालणें म्हणजे फुटक्या घड्यांत पाणी भरणें होय. हेडचे नट समोरासमोरचे घेत, दोन-तीन फेऱ्यांत सारखे आंवळावे व गॅस्केट नवेंच घालावें.

पुन्हा चालू करतांना

नवें तेल भरून, डिझेलच्या नळींतील हवा काढून, कळ उचललेली ठेवून वीसेक फेरे हातानें द्यावे. कोठेंही अडखळत नसेल तरच चालू करावें. सिलिंडरांत तेल राहिलें असल्यास पहिल्या वेळीं इंजिन बेफाम धांवूं शकतें व डिझेल बंद करूनही थांबत नाहीं. यासाठीं हवेच्या तोंडावर दाबून धरण्यास एक फळी हाताशीं ठेवावी. हवा बंद झाली, कीं इंजिन थांबतें. नॉझलचा फवारा तपासतांना हात पुढें करूं नये. तो दाब कातडी फोडून आंत जातो. पहिला अर्धा तास पंपाचें ओझें न देतां, थंड पाणी चालू ठेवून चालवावें आणि पहिलें तेल कांहीं तासांच्या कामानंतर बदलावें.

निगा

पंधरा दिवसांतून एकदां, वीज असो वा नसो, इंजिन पाव तास चालवावें. तेलाचा पापुद्रा ताजा राहतो. हंगाम संपतांच तेल बदलावें, कारण जुन्या तेलांतील आम्ल उभ्या यंत्राला खातें. आणि रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीं धुराड्याच्या तोंडावर एक रिकामा डबा उपडा घालावा. चालू करण्याआधीं तो काढण्याची आठवण राहावी म्हणून त्याला लाल चिंधी बांधावी.

ज्या मळ्यांतील हकीकत आरंभीं सांगितली, तेथें आज असाच लाल चिंधीचा डबा आहे. तो आम्हीं स्वतः नेऊन घातला.