ज्याचं ओझं, त्याचा ब्रेक

गळीत हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. कोणता ट्रॅक्टर किती टन ओढतो, याच्या पैजा लागतात. ट्रॉलीला ब्रेक आहेत का, हे क्वचितच कोणी विचारतं. खरं तर एवढं ओझं ओढण्यापेक्षा थांबवणंच अवघड.

दोन टनांचा ट्रॅक्टर आणि मागे उसासकट दहा टनांची, दोन अ‍ॅक्सलची टर्नटेबल ट्रॉली घ्या. ट्रॉलीचा भार तिच्याच चार चाकांवर असतो, ट्रॅक्टरवर जवळजवळ येतच नाही. टायरची पकड मात्र त्याच्यावरच्या वजनानुसार मिळते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक ०.७ धरला, तर ट्रॅक्टरला रोखण्यासाठी फार तर १.४ टन वजनाइतकं बल मिळेल. थांबवायचे आहेत १२ टन! ताशी ३० किलोमीटरवरून थांबायला, चालकाच्या प्रतिसादाचा वेळ सोडूनही, सुमारे ३० मीटर लागतील. हेही ट्रॅक्टरच्या चारही चाकांना ब्रेक आहेत असं मानून; बहुतेक ट्रॅक्टरांना ते मागच्या दोनच चाकांना असतात. ट्रॉलीची चारही चाकं ब्रेक घेत असतील, तर पाच-सहा मीटर पुरतात. शिवाय ट्रॉली ट्रॅक्टरला मागून रेटत नाही. या रेट्यानेच वळणावर ट्रॅक्टर आडवा फिरतो.

उतारावर प्रश्न उष्णतेचा. २० मीटरला एक मीटर अशा उतारावर एक किलोमीटर गेलं, की ट्रॉली ५० मीटर खाली येते आणि सुमारे ४९ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. ती सगळी २० किलोच्या चार ड्रममध्ये गेली, तर त्यांचं तापमान सुमारे १३० अंशांनी वाढेल. एकाच अ‍ॅक्सलला ब्रेक असतील, तर त्याच्या दुप्पट. ड्रमला घासणारे लायनर फार तापले की त्यांचं घर्षण घटतं आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक दोन्ही अ‍ॅक्सलला हवेत आणि उतार खालच्या गिअरमध्येच उतरायला हवा.

ब्रेकचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात ट्रॉलीच्या रेट्यानेच जोडदांडा दबून ब्रेक लागतात. तो स्वस्त आणि साधा; पण ट्रॉलीने रेटल्यावरच जागा होतो. युरोपात अशा ब्रेकना साधारणपणे साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरपुरतीच मुभा आहे. दुसरा हायड्रॉलिक. तो जोरकस, पण साध्या रचनेत तेलाची नळी फुटली की ब्रेक गेलेच. तिसरा एअर ब्रेक. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी त्याचं पेटंट घेतलं. आजच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये हवेचा दाब दणकट स्प्रिंग आवळून धरतो. ट्रॉली सुटली किंवा नळी तुटली, की दाब जातो, स्प्रिंग मोकळी होते आणि चाकं जागीच जखडतात.

एअर ब्रेकसाठी ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर बसवावा लागतो, खर्च वाढतो. तरीही दहा टनांच्या ट्रॉलीसाठी दोन्ही अ‍ॅक्सलला स्प्रिंगसह एअर ब्रेक हाच योग्य पर्याय. नवी ट्रॉली बांधून घेताना हौद किती मोठा, हे विचारण्याआधी ब्रेक कोणते, ते विचारा.