तुटणाऱ्या तलवारीचे अर्थशास्त्र

मार्च २०१७ मध्ये जपानच्या निंटेंडो कंपनीने 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, विक्रीही अफाट झाली; परंतु त्यातील एका नियमाविरुद्ध त्या वेळी सुरू झालेली कुरकूर अद्याप थांबलेली नाही. या खेळातील नायकाच्या हाती शस्त्र टिकत नाही. कष्टाने मिळविलेली तलवार ठरावीक घाव घातले की ऐन लढाईत तुटते आणि खेळाडूला मिळेल ते दुसरे शस्त्र उचलावे लागते. पाऊस सुरू झाला की कडे निसरडे होतात आणि अर्ध्यावर चढलेला नायक घसरून खाली येतो. पैसे मोजून घेतलेल्या करमणुकीत हा मनस्ताप कशासाठी, असा पुष्कळ खेळाडूंचा प्रश्न आहे. २०२३ मध्ये त्याच मालिकेतील 'टिअर्स ऑफ द किंगडम' आला, तेव्हाही रचनाकारांनी हा नियम सोडला नाही. शस्त्राला हाती लागेल ती वस्तू जोडून त्याचे बळ वाढविण्याची सोय तेवढी दिली.

या कुरकुरीत एका अल्पसंख्य वर्गाचा आवाज सहसा ऐकू येत नाही. या वर्गाला तुटणारी तलवारच आवडते. पाठीवरच्या ओझ्याला मर्यादा असावी, हव्या त्या क्षणी खेळ 'सेव्ह' करता येऊ नये, मेलेला सोबती पुन्हा जिवंत होऊ नये, दूरच्या गावी एक बटण दाबून पोहोचण्याऐवजी पायी चालत जावे लागावे, असे त्याला वाटते. इतरांच्या लेखी हे लोक विक्षिप्त ठरतात. वस्तुतः त्यांच्या आवडीमागे एक विचार आहे आणि तो अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्याशी अगदी जवळचा आहे. साधने अपुरी असतात म्हणूनच निवड करावी लागते, आणि निवड करावी लागते म्हणूनच निर्णयाला अर्थ येतो, हा तो धडा होय. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, तिच्या मुळाशी हीच टंचाई आहे.

घसाऱ्याचा उपकार

तलवार तुटत नाही असे क्षणभर गृहीत धरावे. मग काय होईल? कधी तरी खेळाडूला एक उत्तम तलवार सापडेल, आणि त्या क्षणापासून त्या विस्तीर्ण राज्यातील उरलेल्या साऱ्या तलवारी, भाले, गदा आणि कुऱ्हाडी यांची किंमत शून्य होईल. गुहेतील पेटी उघडण्याची उत्सुकता उरणार नाही. डोंगरापलीकडे जाण्याचे कारणही उरणार नाही. कारखानदाराला घसारा नकोसा वाटतो. पण जुने यंत्र झिजते म्हणूनच नव्या यंत्राला मागणी राहते. या खेळातही शस्त्राचा घसारा हाच शोधाचा प्रेरक आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा घसारा खेळाडूला हिशेब करायला लावतो. समोरचा शत्रू सामान्य आहे. त्याच्यावर चांगली तलवार खर्ची घालावी काय? की टेकडीवरचा धोंडा लोटून किंवा गवत पेटवून काम भागवावे? वादळात लोखंडी शस्त्रावर वीज पडते. तेव्हा शहाणा खेळाडू ते आपल्या पाठीवरून उतरवून शत्रूच्या जवळ टाकतो. ही युक्ती त्याला तंगीने शिकविलेली असते. ज्याच्या हाती कधीही न तुटणारी तलवार आहे, त्याला असल्या युक्त्या सुचण्याचे कारणच पडत नाही.

घसारा आणि खर्च यांना पुरेसा वाव नसला म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आहे. २००० साली निघालेल्या 'डायाब्लो २' या खेळात राक्षस मारून सोन्याची नाणी अमाप मिळत. ती खर्च करण्याच्या वाटा त्या मानाने थोड्या. परिणामी खेळाडूंच्या आपसांतील व्यापारात नाण्यांना कोणी विचारीना आणि 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाची एक दुर्मीळ अंगठी चलन म्हणून वापरली जाऊ लागली. चलनफुगवट्याच्या प्रकरणात विद्यार्थ्यांना जे शिकविले जाते, त्याचा हा घरबसल्या प्रयोगच होता.

याच्या उलट उदाहरण २००३ साली आइसलंडमध्ये जन्मलेल्या 'ईव्ह ऑनलाइन' या खेळाचे. त्यात हजारो खेळाडू एकाच अंतराळविश्वात वावरतात. लढाईत नष्ट झालेले जहाज कायमचे जाते. बहुतेक जहाजे खेळाडूंनीच खाणींतून खनिज काढून, कारखान्यांत बांधलेली असतात. जानेवारी २०१४ मधील एका संग्रामात 'टायटन' जातीची ७५ अजस्र जहाजे नष्ट झाली. असे एकेक जहाज बांधायला कित्येक आठवडे लागतात. त्या लढाईतील एकूण हानी खऱ्या चलनात सुमारे ३ लाख डॉलर भरेल असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. नवख्याला हे क्रूर वाटते आणि तो खेळ सोडून जातो. पण जहाजे नष्ट होतात म्हणूनच तेथे खाणकाम, कारखानदारी, वाहतूक आणि विमा यांना काही अर्थ आहे. २००७ मध्ये या कंपनीने आपल्या आभासी बाजारपेठेवर लक्ष ठेवण्यासाठी एका अर्थशास्त्रज्ञाचीच नेमणूक केली, यात नवल ते काय?

अडथळा हाच खेळ

दोन्ही पाय शाबूत असताना लंगडीत एकाच पायावर का धावायचे, असे कोणी विचारीत नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला खांबापर्यंत जाईतो दिशा बदलता येत नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याला दम सोडता येत नाही. या अटी काढून टाकल्या तर काम सोपे होईल, पण खेळ शिल्लक राहणार नाही. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ग्रासहॉपर' या ग्रंथात खेळाची मीमांसा याच अंगाने केली आहे. गोल्फचा चेंडू भोकात पोहोचविणे एवढाच हेतू असेल, तर तो हातात घेऊन जाणे सर्वांत सोयीचे. ती सोय नियमाने वर्ज्य मानायची आणि त्या बंधनाचा स्वेच्छेने स्वीकार करायचा, येथेच खेळ सुरू होतो.

मग मैदानावर जे सर्वांना मान्य असते, तेच पडद्यावर का खटकते? कारण पडद्यासमोर बसलेला मनुष्य एकाच वेळी खेळाडू असतो आणि ग्राहकही असतो. ग्राहकाला सोय हवी असते. खेळाडूला अडथळा हवा असतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या दोघांच्या ओढाताणीत ग्राहकाची सरशी होत आली आहे. २००२ सालच्या 'मॉरोविंड' या खेळात एखाद्या ठिकाणी जायचे तर गावकऱ्याने शब्दांत सांगितलेल्या खाणाखुणा ध्यानात ठेवून वाट काढावी लागे. त्याच मालिकेत २००६ मध्ये आलेल्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये इष्ट स्थळ दाखविणारी खूण होकायंत्रावरच उमटू लागली. वाट चुकणे थांबले, हे खरे. पण खुणेकडे डोळे लावून चालणाऱ्याला भोवतालचा प्रदेश दिसेनासा झाला, हेही तितकेच खरे.

हिदेओ कोजिमा यांचा २०१९ मधील 'डेथ स्ट्रँडिंग' हा खेळ या दृष्टीने विशेष बोलका आहे. त्याचा नायक हा मूलतः सामान पोहोचविणारा हमाल आहे. प्रत्येक गाठोड्याला वजन आहे; ओझे एका बाजूला कलले की तोल जातो; नदीच्या धारेत पाय घसरला तर माल वाहून जातो. निव्वळ चालण्याचा हा कसला खेळ, अशी त्याची पुष्कळांनी थट्टा केली. परंतु त्यात एक योजना आहे. एखाद्या खेळाडूने ओढ्यावर टाकलेली शिडी किंवा कड्यावर बांधलेला दोर दुसऱ्या अनोळखी खेळाडूच्या विश्वात उमटतो आणि त्याच्या उपयोगी पडतो. पाठीवर ओझे घेऊन थकलेल्या मनुष्याला कोणा परक्याची शिडी आडवी येते, तेव्हा त्याला वाटणारी कृतज्ञता खरी असते. नायकाला उडता येत असते, तर त्या शिडीची किंमत कोणाला कळली असती?

दुसरी बाजू

तथापि या आवडीचे गोडवे गाताना तक्रार करणाऱ्यांना आळशी ठरविणे अन्यायाचे होईल. कार्यालयातून सायंकाळी सातला घरी पोहोचणाऱ्या कारकुनाजवळ खेळासाठी उणापुरा तास असतो. त्यातील चाळीस मिनिटे आधी पाहिलेल्या रस्त्यावरून पुन्हा चालण्यात गेली, तर ती त्याला महाग पडतात. सुटीतल्या विद्यार्थ्याला तोच रस्ता स्वस्त असतो. अडथळा एकच, पण त्याची किंमत प्रत्येकाला सारखी नसते. ज्यांचे हात किंवा डोळे साथ देत नाहीत, त्यांचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. त्यांच्यासाठी अडथळा हा खेळ नसून बंद दरवाजा असतो. २०१८ मधील 'सेलेस्ट' या अत्यंत कठीण खेळाच्या रचनाकारांनी वेग कमी करण्याची व अन्य साहाय्याची सोय आरंभापासून ठेवली. त्यामुळे खेळाच्या कीर्तीला बाध आला नाही.

यावर सोपा उपाय सुचविला जातो : प्रत्येक त्रासदायक नियम ऐच्छिक करा, ज्याला नको त्याने तो बंद करावा. हा उपाय बऱ्याच अंशी योग्य असला, तरी तो फुकटचा नाही. हव्या त्या क्षणी जो नियम बंद करता येतो, तो संकटाच्या क्षणी बंद केलाच जातो. २००५ चे नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी आत्मसंयमाच्या प्रश्नाचा विचार करताना हेच दाखविले होते की, मनुष्य पुष्कळदा आपलेच हात आधी बांधून घेतो, कारण पुढच्या क्षणीच्या स्वतःवर त्याचा विश्वास नसतो. पगारातून परस्पर कापली जाणारी बचत शिल्लक राहते, ती यामुळेच. २०१२ मधील 'एक्सकॉम'च्या 'आयर्नमॅन' पद्धतीत खेळाडू आरंभीच ठरवितो की, केलेली चाल मागे घेता येणार नाही. आणि मग खेळ त्याला त्या शब्दाशी बांधून ठेवतो. पर्याय असावा, पण तो मोहिमेच्या आरंभी निवडायचा असावा, असा मध्यममार्ग यातून निघू शकतो.

विकाऊ अडथळा

येथवरचा वाद हा केवळ अभिरुचीचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु अडथळ्याचा एक निराळाच प्रकार आज लक्षावधी भ्रमणध्वनींवर नांदत आहे आणि त्याच्याशी शिक्षक व पालक या दोघांचाही संबंध येतो. २०१२ मध्ये आलेल्या 'कँडी क्रश सागा' या खेळाच्या मूळ योजनेत खेळाडूला ५ जीव मिळतात. गेलेला एक जीव भरून यायला ३० मिनिटे लागतात. थांबायचे नसेल तर पैसे मोजायचे. वरवर पाहता हाही अडथळाच आणि हीही टंचाईच. पण तुटणारी तलवार खेळाडूला विचार करायला लावते. ही ३० मिनिटे त्याला काहीच करायला लावीत नाहीत. तेथे कौशल्य नाही, निवड नाही. आहे ती फक्त अधीरता, आणि तीच विक्रीला मांडलेली आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत ही नैसर्गिक टंचाई नव्हे. मक्तेदाराने भाव चढविण्यासाठी कोठारात माल दडवून निर्माण केलेली ती टंचाई आहे.

प्रतिष्ठित खेळही या मोहापासून अलिप्त राहिलेले नाहीत. मार्च २०२४ मध्ये कॅपकॉम कंपनीचा 'ड्रॅगन्स डॉग्मा २' प्रसिद्ध झाला. त्यात दूरचा प्रवास हेतुपुरस्सर कष्टाचा ठेवला होता आणि अडथळ्याच्या चाहत्यांना तो भावलाही होता. पण पहिल्याच दिवशी, ठरावीक जागी झटपट परतता यावे म्हणून रोवायचा स्फटिक आणि अन्य काही वस्तू वेगळे पैसे घेऊन विकायला ठेवल्याचे दिसले. या वस्तू खेळातही मिळत होत्या, हे मान्य केले पाहिजे. तरीही खेळाडूंचा संताप उसळला, आणि तो सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. रस्ता लांब ठेवण्यात रचनाकाराची दृष्टी आहे की दुकानदाराची, हा संशय एकदा शिरला की चालण्यातला आनंद नासतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून धनलाभाच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. विकाऊ अडथळ्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. येथे धनलाभाची आशाच नसते. विकली जाते ती केवळ त्रासातून सुटका. ती ओळखण्याची कसोटी कायद्याच्या पुस्तकापेक्षा वर्गात आणि घरात शिकविता येण्याजोगी आहे. मुलाला एवढेच विचारावे : हा अडथळा तू बुद्धीने किंवा सरावाने ओलांडू शकतोस काय? आणि तो ओलांडण्याचा परवाना कोणी तुला विकत आहे काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर तो खेळ कितीही त्रासदायक असला तरी त्याच्या वाटेला जायला हरकत नाही. किंबहुना अपुऱ्या साधनांत निभावून नेण्याची थोडीफार सवयच त्यातून लागेल.

त्या विक्षिप्त म्हणविल्या जाणाऱ्या अल्पसंख्यांचे म्हणणे शेवटी एवढेच आहे. तलवार तुटली तरी चालेल. पण ती सर्वांच्या हातात सारखीच तुटावी, आणि न तुटणारी तलवार शेजारच्या दुकानात विकायला ठेवलेली नसावी.