विझणाऱ्या उजेडाचा हिशेब

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पिक्रिक आम्लाची बाटली कोरडी पडू देत नाहीत. पाण्यात भिजलेली पिवळीधमक पूड निमूट असते. सुकली की धक्क्याने, घासण्यानेही उडू शकते. धातूचा चमचा तर वर्ज्यच, कारण धातूंचे पिक्रेट क्षार त्याहून तापट. पीएचडी करणारी मुलगी प्लास्टिकच्या चमच्याने कणभर उचलते. पातळ द्रावण झालं की भीती संपते आणि कंटाळवाणं काम सुरू होतं.

क्युव्हेटमधलं, म्हणजे छोट्या पारदर्शक नळीतलं, संवेदक रेणूंचं द्रावण अतिनील दिव्याखाली निळं उजळतं. मायक्रोपिपेटने थोडं पिक्रिक आम्ल, ढवळायचं, रीडिंग, परत थोडं. पडद्यावरचा आलेख दर खेपेस खाली बसतो.

प्रकाश शोषून उत्तेजित झालेला संवेदकाचा रेणू एरवी ती ऊर्जा प्रकाश म्हणूनच बाहेर टाकतो. पण टीएनटी किंवा पिक्रिक आम्ल या स्फोटकांचे रेणू इलेक्ट्रॉनला हपापलेले. ते इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि उजेड मावळतो. एमआयटीच्या टिमथी स्वॅगर यांनी १९९०च्या दशकात अशी स्फोटकं हुडकण्यासाठी लांब साखळ्यांचे पॉलिमर वापरले. गणपतीच्या मखराला लावायच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ जायची, तसंच इथे: साखळीला कुठेही टीएनटीचा एक रेणू चिकटला, तरी बऱ्याच लांबीचा उजेड जातो. यावरच बेतलेलं ‘फायडो’ हे यंत्र अमेरिकी सैन्याने इराकमध्ये वापरलं. साध्या तापमानाला टीएनटीची वाफ हवेच्या अब्ज भागांत जेमतेम काही भाग. तीही ते हुंगतं.

क्युव्हेटमधल्या निकालावर मात्र लगेच भुलू नये. पिक्रिक आम्ल पिवळं, म्हणजे दिव्याचा प्रकाश ते स्वतःच गिळतं. संवेदकाला न शिवताही उजेड कमी दिसतो. म्हणून ही मुलगी प्रत्येक थेंबानंतर शोषणाचंही माप घेते आणि तेवढी घट आकड्यातून वजा करते. शिवाय नुसत्या द्रावकाचे थेंब टाकून बघते, कारण पातळ झाल्यानेही चमक उतरते. माझ्या मते खरं संशोधन या वजाबाकीत आहे. दिव्याखालचे झगमगीत फोटो छापायला सोपे.

आणि पिक्रिक आम्ल पकडणं त्यातल्या त्यात सोपं. मुंबईतल्या १९९३च्या बॉम्बस्फोटांत वापरलं गेलं ते आरडीएक्स. त्याची इलेक्ट्रॉनची हाव कमी, वाफ टीएनटीपेक्षाही कितीतरी विरळ. अमोनियम नायट्रेट तर निव्वळ क्षारच. त्यांच्यासाठी वेगळे रेणू घडवावे लागतात. तिच्या वहीत त्या पानांवर सध्या खाडाखोडच जास्त आहे.