फ्रिजमागचं वारूळ

जुलै २०२१. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात ६५ वर्षांचे एक गृहस्थ सकाळी शौचालयात बसले आणि त्यांना चिमटा बसल्यासारखं झालं. उठून पाहतात तर कमोडमध्ये सुमारे १.६ मीटर लांबीचा जाळीदार अजगर! शेजारच्या तरुणाने पाळलेला हा साप त्याच्या फ्लॅटमधून निसटला होता आणि बहुधा सांडपाण्याच्या पाइपातून इथवर पोचला होता. हा अजगर बिनविषारी, त्यामुळे इजा किरकोळच झाली.

बातमी विलक्षण वाटते, पण सापाच्या बाजूने पाहिलं तर त्यात नवल काही नाही. युरोप-अमेरिकेत अनेक घरांत पाळला जाणारा रॉयल पायथन हा अजगर घ्या. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. दिवसभर उंदीर-घुशींच्या बिळात किंवा वारुळात अंग चोरून पडायचं आणि रात्री बाहेर यायचं, हा त्याचा परिपाठ. पाळलेल्या सापाच्या पेटीचं झाकण सैल राहिलं की तो घरातही तेच शोधतो : ऊब, अंधार आणि अंगाला चहूबाजूंनी घट्ट टेकणारी जागा.

यातली ऊब सर्वांत मोलाची. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करत नाही, ती बाहेरून घेतो. गिळलेला उंदीर पचवायला रॉयल पायथनला साधारण ३० अंश सेल्सिअसची जागा लागते. थंडीत बराच काळ राहिला तर त्याला श्वसनाचे आजार जडतात. हिवाळ्यातल्या युरोपीय घरात रात्री अशी ऊब कुठे असते? फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टीव्हीच्या मागे. म्हणून साप तिथेच सापडतात. सोफ्याच्या अस्तरात शिरलेला साप काढायला तर अस्तर उसवावं लागतं.

एवढ्याशा फटीतून तो जातो कसा? सापाला छातीचं हाड नसतं. शेकडो मणक्यांना जोडलेल्या बरगड्यांची खालची टोकं मोकळी असतात, त्यामुळे अंग चपटं करता येतं. शिवाय अंगात जोर भरपूर. नुसतं ठेवलेलं झाकण तो नाकाने उचलतो. माझ्या मते कुलूप नसलेल्या पेटीत साप ठेवणं हा त्या जिवावर अन्याय आहे. तापमानाची सगळी सोय त्या पेटीतच असते आणि बाहेर पडल्यावर हाल होतात ते त्याचेच.

आपल्याकडे गोष्ट वेगळी. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप पाळता येत नाहीत, तेव्हा आपल्या फ्रिजमागे दिसलेला साप रानातून आलेला असण्याचीच शक्यता जास्त. तो विषारीही असू शकतो. अशा वेळी लांबूनच नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवावं.

पाळलेला साप हरवला तर अनुभवी माणसं आधी पेटीच्या आसपासच्या फटी धुंडाळतात. रात्री भिंतीच्या कडेने पीठ भुरभुरून ठेवतात, सकाळी त्यात घसटीची वाट उमटलेली दिसते. आठवडे गेले तरी आशा सोडत नाहीत, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॉयल पायथनसह तीन जातींचे साप १६८ दिवस उपाशी ठेवले होते. काहींनी आपल्या ऊर्जेच्या खर्चात ७२ टक्क्यांपर्यंत कपात केली होती. पाणी आणि ऊब मिळत असेल, तर दोन-तीन महिन्यांनीही साप त्याच घरात, एखाद्या कपाटामागे जिवंत सापडू शकतो.